दुरून आलेलं नातवंड: ओळख, घर, झोप, खेळ आणि निरोप

दीड वर्षाचं नातवंड सहा-आठ महिन्यांनी घरी येतं, तेव्हा आजी-आजोबांच्या मनात ते रोजचंच असतं. त्याचं पहिलं पाऊल फोनवर पाहिलेलं असतं, दात मोजलेले असतात. मुलाचा हिशेब वेगळा असतो. सहा महिने म्हणजे त्याच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा, आणि फोनमधल्या आजीला वास नसतो, मांडी नसते. म्हणून दारातच ते आईच्या खांद्यात तोंड खुपसतं आणि भोकाड पसरतं.

परक्या माणसाची भीती साधारण सातव्या-आठव्या महिन्यात सुरू होते, पहिल्या वाढदिवसाच्या आगेमागे जोरात असते आणि दोन-अडीच वर्षांपर्यंत हळूहळू ओसरते. कोण आपलं आणि कोण नवं हे मुलाला कळू लागलंय, एवढाच तिचा अर्थ. पुढे जे काही सांगितलंय ते एकाच गोष्टीवर उभं आहे: मुलाला जवळ ओढायचं नाही, त्याला स्वतःहून जवळ येता येईल अशी जागा आणि वेळ ठेवायची. एवढं सांभाळलं की बहुतेक मुलं दोन-तीन दिवसांत मांडीवर येऊन बसतात.

येण्याआधीचे तीन आठवडे

रोज ठरावीक वेळी पाच-सात मिनिटांचा व्हिडिओ कॉल पुरे. वेळ निवडताना मूल जेवून ताजंतवानं असेल अशी निवडा. झोपेच्या तोंडावर केलेला कॉल रडण्यातच संपतो. ‘मी कोण सांग’, ‘आजीला पापी दे’ असल्या परीक्षा घेऊ नका. त्याऐवजी एकच खेळ रोज करा. एक ठरावीक रंगीत पंचा घ्या, तोंडावर धरा आणि ‘बुवा... कुक!’ करा. किंवा स्टीलच्या वाटीवर चमच्यानं तोच ठेका धरा. मूल आल्यावर हातात तोच पंचा, तीच वाटी हवी. नुसत्या चेहऱ्यापेक्षा चेहरा, वस्तू आणि आवाज एकत्र दिसले की ओळख लवकर पटते. फोन हातात न धरता डब्याला टेकवून ठेवा, म्हणजे चेहऱ्याबरोबर हातही दिसतील. उजेड समोरून येऊ द्या आणि पंख्याची घरघर तेवढ्यापुरती बंद करा.

मुलाच्या आईवडिलांकडून चार-पाच गोष्टी आधीच विचारून कागदावर लिहा आणि तो कागद फ्रिजवर लावा. दुपारची झोप किती वाजता आणि किती वेळ. काय खातं, कशाची ॲलर्जी आहे का (शेंगदाणा, अंडं, दूध हे नाव घेऊन विचारा). कशाला घाबरतं: मिक्सर, कुकरची शिट्टी, कुत्रा. आणि पाणी, दूध, दुखतंय, शी-शू, पुरे यांना ते कुठले शब्द वापरतं. पाळणाघरात दुसरी भाषा ऐकणारं मूल ‘पाणी’ म्हणेलच असं नाही. तहानलेलं मूल काय मागतंय हे कोणालाच कळलं नाही, तर सगळ्यांचा जीव नाहक टांगणीला लागतो.

घर मुलाच्या उंचीवरून पाहा

प्रत्येक खोलीत एकदा गुडघ्यांवर बसून फिरा. गुडघे साथ देत नसतील तर हे काम शेजारच्या एखाद्या तरुणाला सांगा, पण करून घ्याच. उभ्यानं न दिसणाऱ्या गोष्टी तिथून दिसतात: पलंगाखालची पिन, टेबलावरून लोंबणारी इस्त्रीची वायर, सोफ्याच्या फटीतलं नाणं.

सर्वांत आधी औषधं. रक्तदाब आणि मधुमेहाची काही औषधं अशी आहेत की एकाच गोळीनं लहान मुलाचा जीव धोक्यात येऊ शकतो. मधुमेहाच्या काही गोळ्यांनी रक्तातली साखर घसरते आणि ते काही तासांनी लक्षात येतं, तोवर मूल नुसतं पेंगलेलं वाटतं. आठवड्याचा गोळ्यांचा डबा मुलांना खुळखुळ्यासारखा वाटतो. तो उंच कपाटात, कडी लावून ठेवा. पाहुण्यांच्या पर्सही जमिनीवर ठेवू देऊ नका. त्यांतही गोळ्या असतात.

मग देवघर. कापराची डबी खाली असेल तर आजच वर उचला. अगदी थोडा कापूर पोटात गेला तरी काही मिनिटांत झटके येऊ शकतात, आणि पांढरी चकचकीत वडी मुलांना खडीसाखरेसारखीच दिसते. समई आणि निरांजन भिंतीतल्या फळीवर हलवा. कापूर असलेलं चोळायचं मलम दोन वर्षांच्या आतल्या मुलाला लावू नका. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, डासांच्या मशीनमधली बाटली, रॉकेल, फिनाइल हे सगळं त्याच रांगेतलं. फिनाइल कधीही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरू नये.

टीव्हीचा रिमोट, चाव्या, वजनकाटा, बोलकी खेळणी यांत चपटे बटण सेल असतात. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून जळल्यासारखी जखम होते. ज्या झाकणाला स्क्रू नाही त्याला चिकटपट्टी गुंडाळा. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट पाहायची नाही, उलटी काढायची नाही, थेट रुग्णालयात जाऊन एक्स-रे काढायचा.

न्हाणीघरातली भरलेली बादली रिकामी करून पालथी घाला. तळाशी चार बोटं पाणी असलं तरी डोकं जड असलेलं मूल आत वाकून पडतं आणि त्याला बाहेर येता येत नाही. पाणी तापवायचा रॉड या दिवसांत वापरूच नका. चहाचा कप टेबलाच्या कडेला नको, टेबलक्लॉथ तर नकोच. दहा-पंधरा मिनिटांपूर्वी ओतलेल्या चहानंही कोवळी कातडी भाजते.

१०८ आणि जवळच्या बालरोगतज्ज्ञांचा नंबर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजच्या दारावरच्या त्याच कागदाशेजारी लावा.

पहिला तास

विमानतळावर किंवा स्टेशनवर हात पसरून धावत जाऊ नका. आधी मुलाच्या आईबाबांना भेटा, त्यांच्याशी हसून बोला. आई ज्या माणसाशी मोकळेपणानं बोलते त्या माणसाकडे मूल तिच्या खांद्यावरून निरखून बघत असतं. त्या बघण्याला वेळ द्या.

घरी आल्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकायचा असेल, औक्षण करायचं असेल तर मूल आईच्या कडेवरच असू दे आणि तबक हातभर लांब. रात्री तीनला विमानातून उतरलेल्या मुलापुढे ज्योत, कुंकू आणि दहा माणसं एकदम आली तर ते बिथरणारच. औक्षण दुसऱ्या दिवशी सकाळी झोप झाल्यावर केलं तरी त्यात काही कमी होत नाही. शेजारी आणि नातलग दोन दिवसांनी बोलवा, तेही एका वेळी चार-पाच.

मग जमिनीवर सतरंजी घाला. खाली बसणं जमत नसेल तर बुटका मोढा किंवा पाट घ्या. डोळे मुलाच्या पातळीवर यायला हवेत. मुलापासून पाच-सहा फुटांवर, थोडं तिरकं बसा. मुलाकडे टक लावू नका. समोर तीन वाट्या आणि एक लिंबू ठेवा. लिंबू एका वाटीत टाका, दुसरीनं झाका, उघडा. स्वतःशीच गुणगुणत पुन्हा करा. मूल आधी आईच्या मांडीवरून बघेल, मग पायापाशी उतरेल, मग एक पाऊल पुढे येऊन परत आईकडे पळेल. ही ये-जा चार-सहा वेळा होते. तिसऱ्या-चौथ्यांदा लिंबू हळूच त्याच्याकडे घरंगळत सोडा. त्यानं उचलून तुमच्या हातावर ठेवलं की ‘अरे वा’ हळू आवाजात म्हणा आणि परत द्या. इथे अनेक जण घाई करतात आणि हात धरून जवळ ओढतात. मग अर्ध्या तासाची कमाई एका क्षणात जाते. त्यानं स्वतः तुमच्या गुडघ्यावर हात टेकेपर्यंत थांबा.

काही मुलांना आजोबांच्या मिशीची, चष्म्याची किंवा जाड आवाजाची भीती वाटते. चष्मा काढून त्याच्या हातात द्या. जुनाच द्या, कारण तो वाकणार आहे.

रात्री दोन वाजता उठलेलं मूल

डिसेंबरात इथे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला आदल्या दुपारचे साडेतीन आणि कॅलिफोर्नियात साडेबारा वाजलेले असतात. म्हणजे मुलाच्या शरीराच्या लेखी ती खेळायची आणि जेवायची वेळ. ते हट्ट करत नाही, त्याला खरंच भूक लागलेली असते. घड्याळ जुळायला साधारण आठवडा जातो. दुबईहून आलेल्या मुलाला दीडच तासाचा फरक असतो, त्याला हे सोसावं लागत नाही.

हा आठवडा आजी-आजोबांसाठी सोन्यासारखा आहे. तसंही पहाटे जाग येतेच. रात्री दोन ते पहाटे पाच या वेळात मूल तुमच्याकडे घ्या, त्याच्या आईबाबांना झोपू द्या. एकच मंद दिवा ठेवा, टीव्ही आणि मोबाइल बंद. मऊ भात किंवा केळं आणि थोडं दूध, मग शांत खेळ. बोलणं कुजबुजीत. उजाडलं की बाहेर न्या. सकाळचं ऊन शरीराचं घड्याळ पुढेमागे करायला सर्वांत जास्त मदत करतं. दुपारी दोन तासांपेक्षा जास्त झोपू देऊ नका, आणि चारच्या आत उठवा. ‘थकलंय बिचारं, झोपू दे’ म्हणून सहापर्यंत झोपू दिलं की पुढची रात्र पुन्हा तशीच जाते. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात एकूण ११ ते १४ तास झोप लागते, ती कुठे विभागली जाते एवढंच बघायचं.

ताटलीत काय

पहिले दोन दिवस त्याच्या ओळखीचंच खाणं द्या, शेजारी आपला एकच नवा पदार्थ चमचाभर. मुगाची खिचडी बहुतेकांना चालते: अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ, साडेतीन वाट्या पाणी, चिमूटभर हळद, चवीपुरतं मीठ. चार शिट्ट्या, मग पाच मिनिटं मंद आच. वरून चमचाभर तूप. मऊ भातावर तूप आणि चिमूटभर मेतकूट हीदेखील चांगली सुरुवात आहे, मात्र मेतकुटात मोहरी आणि मिरची किती आहे ते आधी चाखा. शिट्टीला घाबरणारं मूल असेल तर कुकर ते फिरायला गेल्यावर लावा.

प्रत्येक पदार्थाचं पहिलं माप वयाच्या दर वर्षाला एक मोठा चमचा. दोन वर्षांच्या मुलाला दोन चमचे भात, दोन चमचे भाजी. कमी वाटतं, पण त्याच्या पोटाच्या मानानं पुरेसं असतं. हवं असेल तर ते मागतं. ताटली घेऊन मागे फिरू नका. दूध दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटरच्या पुढे गेलं की जेवण मागे पडतं आणि रक्तातलं लोह कमी होतं. ‘काही खाल्लं नाही, निदान दूध तरी’ हे चक्र इथूनच सुरू होतं.

या वयात शेंगदाणे, फुटाणे, अख्खे काजू-बदाम, पॉपकॉर्न, चिक्की, कडक गोळ्या, कच्चं गाजर, बोरं अजिबात नको. सीताफळ बिया काढून. द्राक्ष उभं चिरून चार फोडी करा. आडवं चिरलेलं द्राक्ष तेवढंच गोल राहतं आणि घशात बुचासारखं बसतं. खाताना मूल बसलेलंच हवं. ठसका लागला आणि खोकता येत असेल तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल तर एक वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहातानं पाच जोरदार थापा, तरी निघालं नाही तर पाठीमागून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर पाच दाब, आणि हे आलटूनपालटून. घशात आंधळेपणानं बोट घालू नका, वस्तू आणखी खाली जाते. हे एकदा बालरोगतज्ज्ञांकडून प्रत्यक्ष शिकून घेतलेलं बरं.

पाणी उकळून गार केलेलं. घरात ओआरएसची पाकिटं असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलीच घ्या, आणि पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट विरघळवा. जुलाब झाले तर दोन वर्षांच्या आत प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्यावरच्या मुलाला १०० ते २००, चमच्या-चमच्यानं. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, शौचात रक्त दिसलं तर थांबू नका, डॉक्टरांकडे न्या.

काजळ डोळ्यांत घालू नका, काही काजळांत शिसं असतं. तीट लावायची तर तळपायाला लावा. पोटासाठी गुटीही आईवडिलांना आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

खेळ, म्हणजे घरातलं काम

नवी खेळणी आणायची धडपड करू नका. या वयाच्या मुलाला तुम्ही करता ते करायचं असतं. आजी-आजोबांकडे त्याच्या आईबाबांकडे नसलेली एक गोष्ट भरपूर आहे: एकच काम दहा वेळा, न कंटाळता करायला लागणारा वेळ.

परातीत चार बोटं पाणी, एक छोटा गडू, गाळणी आणि दोन वाट्या. अंगणात किंवा न्हाणीघरात खाली पंचा अंथरून बसवा. हा सहसा सर्वांत लांब चालणारा खेळ, पंधरा-वीस मिनिटं सहज. तोवर नजर हलवायची नाही, फोन घ्यायला उठायचं नाही, आणि संपल्याबरोबर परात उपडी करायची. कपडे भिजणारच, कोरडा जोड आधी काढून ठेवा.

कणीक मळताना लिंबाएवढा गोळा त्याला द्या. पोळपाट, छोटं लाटणं आणि थोडं कोरडं पीठ. मेथी निवडताना एक काडी त्याच्या हातात द्या. पानं खुडून ते देठाच्या ढिगात टाकेल, टाकू द्या. तुळशीला पाणी घालायला त्याच्या हाताला पेलेल असा अर्धा भरलेला गडू. रोज एकाच वेळी.

घंटागाडी विसरू नका. शहरात वाढलेल्या, परदेशातून आलेल्या, सगळ्याच मुलांना ती आवडते. पहिल्या दिवशी कडेवर घेऊन गच्चीतून किंवा खिडकीतून दाखवा. दुसऱ्या दिवशी फाटकापाशी उभे राहा, कागदाचा एक बोळा त्याच्या हातात देऊन तो टाकायला लावा, मग हात धुवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लांबून आवाज आला की ते चप्पल शोधत तुमच्याकडे धावत येतं. त्या दिवसापासून सकाळची ती वेळ तुम्हा दोघांची.

बोटांचा खेळ सगळ्या घरांत असतो: तळहातावर टिचकी, मग दोन बोटं मनगटावरून कोपराकडे चालत निघतात आणि काखेत गुदगुली. यात खरी मजा थांबण्यात आहे. कोपरापाशी बोटं दोन सेकंद थांबवा. मूल श्वास रोखतं, खांदा कानाजवळ घेतं आणि गुदगुली व्हायच्या आधीच खिदळतं. पुढे काय होणार हे त्याला कळलेलं असतं, आणि ते तसंच होतं याचा त्याला आनंद असतो. म्हणून शब्द, चाल, थांबा काहीही बदलू नका. त्यानं तोंड फिरवलं किंवा हात मागे घेतला की मात्र लगेच थांबायचं.

बोलताना लहान वाक्यं, हातातल्या वस्तूबद्दल. ‘वाटी घे. आजोबांना दे. पडली!’ त्यानं दुसऱ्या भाषेत उत्तर दिलं तर चूक काढू नका. कळलंय ना, मग तुम्ही मराठीतच पुढे बोला. बोलण्याच्या कितीतरी आधी समजायला लागतं. ‘याला मराठी येत नाही’ असं त्याच्यादेखत म्हणू नका.

दोन वर्षांच्या आत व्हिडिओ कॉल सोडून टीव्ही-मोबाइलचा पडदा नको, त्यानंतर दिवसाला जास्तीत जास्त एक तास. जेवताना मोबाइल दाखवायची सवय आजोळी लागली की परत गेल्यावर आईबाबांना ती निस्तरावी लागते.

उचलण्याबद्दल दोन शब्द. दोन वर्षांचं मूल ११-१३ किलोचं असतं. कमरेत वाकून उचललं की पाठ धरते. एक गुडघा टेका, मुलाला छातीशी घ्या आणि पायांच्या जोरावर उठा. किंवा त्यालाच खुर्चीवर चढू द्या आणि तिथून कवेत घ्या. एका हाताला धरून वर ओढणं, दोन्ही हात धरून झोका देणं पूर्ण टाळा. एक ते चार वर्षांच्या मुलांचं कोपराचं हाड एवढ्या हिसक्यानंही सरकतं. मूल हात लोंबता ठेवून वापरेनासं झालं तर चोळू नका, डॉक्टरांकडे न्या. ते क्षणात बसवून देतात.

दमणूकही मान्य करा. आजी आणि आजोबांनी तास-दीड तासाच्या पाळ्या लावून घ्याव्यात, आणि मूल झोपलं की आपणही आडवं व्हावं. दमलेल्या माणसाचं लक्ष सुटतं आणि अपघात तेव्हाच होतात.

आईबाबांचे नियम

झोप, गोड, मार, पडदा या चार बाबतींत सूनबाई-मुलगा किंवा लेक-जावई सांगतील तेच चालवा. पटत नसेल तर मूल झोपल्यावर बोला. मुलासमोर ‘आई ओरडते ना, आपण गुपचूप खाऊ’ म्हटलं की मूल गोंधळतं आणि पुढच्या खेपेला तुमच्याकडे एकटं ठेवायला आईबाबा कचरतात. गाडीत त्याची खास सीट लावायला सांगतील तर ‘आमच्या मांडीवर बसेल की’ म्हणू नका. जोरात ब्रेक लागला की मांडीवरचं मूल कोणालाही धरून ठेवता येत नाही.

निघताना

लपून निघून जाऊ नका आणि त्यालाही झोपेत उचलून नेऊ नका. दोन दिवस आधीपासून सांगा: ‘परवा तू विमानात बसणार. आजी इथेच. मग फोनवर बुवा-कुक.’ बॅग भरताना त्याला मदतीला घ्या, खेळातली एक वाटी आणि तो रंगीत पंचा त्याच्या हातानंच बॅगेत ठेवू द्या. तसाच दुसरा पंचा आणि वाटी तुमच्याकडे राहू द्या. शेवटच्या दिवशी भेटायला येणाऱ्यांची गर्दी नको. रडू आलं तर लपवायची गरज नाही, पण त्याला घट्ट धरून रडू नका, ते घाबरतं.

पोचल्यावर पहिले तीन-चार दिवस कॉलवर मूल बघेलच असं नाही. झोप विस्कटलेली असते, आणि पडद्यावरची आजी हाताला लागत नाही याचा रागही असतो. ‘विसरलं आम्हाला’ असं म्हणू नका, बोलायला लावू नका. ठरलेल्या वेळी पाच मिनिटं वाटी वाजवा, पंचा धरा, तुळशीला पाणी घालताना दाखवा आणि कॉल संपवा. आठवडाभरात ते तिकडची वाटी घेऊन फोनपाशी यायला लागतं. मधल्या काळात त्याचे नवे शब्द, कपड्यांचं माप, नवी आवड एका वहीत टिपत राहा, कारण पुढच्या भेटीला दीड वर्षाचं ते मूल दोन वर्षांचं होऊन येईल आणि सतरंजी पुन्हा नव्यानं घालावी लागेल.